दुःखनिरोप

४ नोव्हेंबर

चि. माऊ यास,

ताईचे आशीर्वाद. हवे असोत की नसोत, मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला ते द्यायचे असतात म्हणून दिले. इकडे मी ठीक. तिकडे तू, तुझी बायको आणि तुझे गुडघे ठीक असतील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. परवापासून पाच वेळा फोन केला. पाचही वेळा पूर्ण वाजला. घरचा नंबर तोच आहे, तुला पाठ असलेला. एकोणीस वर्षांनी सख्ख्या बहिणीचा फोन आला तर माणूस निदान कुतुहल म्हणून तरी उचलतो.

म्हणून पत्र. पत्र तू वाचशीलच. कागदावर काही लिहिलेलं दिसलं की तुझा डोळा थांबत नाही. लहानपणी खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून तू त्यातल्या तीन चुका आईला दाखवल्या होत्यास आणि त्या नादात औषध प्यायचं टाळलं होतंस.

बातमी अशी की तुझे भाऊजी रुग्णालयात आहेत. आज बारा दिवस झाले. सकाळी दाढी करत होते, काहीतरी बेसिनमध्ये पडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले की टवका उडाला तर नवीन बसवायला कोण येणार आहे. हे माझं त्यांच्याशी शेवटचं धड बोलणं. उत्तर आलं नाही म्हणून फणकाऱ्याने बघायला गेले, तर ते भिंतीला टेकून खाली बसले होते आणि अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच होता. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं.

बोलणं अगदीच गेलं असं नाही. एक शब्द उरला आहे. पाणी हवं असलं तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच, मी दिसले की तोच, मी खोलीबाहेर निघाले की तोच. निरोप. दिवसातून शंभर वेळा निरोप, निरोप, निरोप. इथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, असा एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही." मी त्यांची आजी नाही, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की बत्तीस वर्षं कॉलेजात मी एकेका शब्दाच्या अर्थावर अख्खे तास घेतले आहेत, तेव्हा अर्थ नसतो हे मला कुणी शिकवू नये. त्या हसल्या. हल्ली सगळे माझ्यावर हसून वेळ मारून नेतात.

परवा सिस्टर फॉर्म घेऊन आली. आयुष्याच्या त्या टोकाला कॉन्व्हेंटातल्या सिस्टर होत्या, या टोकाला या. मधली वर्षं मला उगीचच वाटत होतं की आपण सुटलो. तर फॉर्मात रुग्णाचा धर्म असा रकाना. वेळ आली तर कुणाला बोलवायचं, काय म्हणायचं, हे आधी ठाऊक असलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, कुठल्या धर्मातली वेळ? एकात मरणाऱ्याने अन्न स्वतःहून सोडायचं असतं. एकात त्याच्या कानाशी बसून पुढचा रस्ता वाचून दाखवायचा असतो. एकात घरातल्या देवघरावर पांढरा कागद लावून ते बंद करायचं असतं. एकात मरणाबद्दल विचारलं तर गुरू म्हणतो, आधी जगणं कळलंय का. प्रत्येकी दहा गुण. ती बिचारी म्हणाली, "काकू, रकाना एवढासा आहे." मी तो रिकामा ठेवला. आशियातले झाडून सगळे धर्म शिकवलेल्या बाईला एक रकाना भरता आला नाही. पहिल्या तासाला मी मुलांना सांगायचे की अभ्यासकाने उंबरठ्यावर उभं राहायचं असतं. आत गेलात तर भक्त व्हाल, रस्त्यावर राहिलात तर टवाळ व्हाल. छान वाटायचं ते वाक्य. मुलं लिहून घ्यायची.

मग सिस्टर म्हणाली, "त्यांना कुणाला तरी निरोप द्यायचाय, काकू. कोण राहिलंय भेटायचं?" मी म्हटलं, कुणी नाही. घरी आल्यावर आठवलं की तू आहेस.

तर आता मुद्द्याचं. मी तुला माफ केलं आहे. केव्हाच केलं आहे. त्या पुस्तकाचं म्हणते. आयुष्यात मी एकच पुस्तक लिहिलं, आशियातल्या प्रमुख धर्मांची तोंडओळख करून देणारं, आणि त्याची प्रूफं तपासायला तुझ्याच छापखान्यात आली. पृष्ठ ७१, ओळ ९. बुद्धाने सांगितलेलं तिसरं सत्य, दुःखनिरोध, म्हणजे दुःख थांबणं. छापून काय आलं? दुःखनिरोप. आणि तेही पुढे प्रत्येक ठिकाणी. प्रकाशनाच्या दिवशी समारंभाचे पाहुणे, त्या विषयातले जाणते म्हातारे गृहस्थ, नेमकं तेच पान उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंनी दुःखाला निरोप दिला आहे. चला, आपण सगळे पोचवून येऊ." अख्खं सभागृह हसलं. माझे विद्यार्थी हसले, प्राचार्य हसले. मी उभी राहिले आणि जे खरं तेच म्हणाले. ही मुद्रितशोधकाची चूक आहे आणि दुर्दैवाने तो माझा सख्खा भाऊ आहे. यात मी काय खोटं बोलले? दुसऱ्या दिवशी छापखान्याने तुला काढलं, ते मी काढायला सांगितलं नव्हतं. त्यानंतर तू उंबरा चढला नाहीस, तो तुझा निर्णय होता.

पण झालं ते झालं. आता ये. भाऊजींना तू आवडायचास, माझ्यापेक्षा जास्तच. डॉक्टरीणबाई हात राखून बोलतात, पण मला चेहरे वाचता येतात. लवकर ये. कुरिअरने पाठवते आहे, उद्या मिळेल.

तुझी,
ताई


८ नोव्हेंबर

माऊ,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिले होते. ते तू परत पाठवलेस, तेव्हा या खेपेला देत नाही.

पाकीट आलं. तुझं अक्षर, जसंच्या तसं, छापल्यासारखं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून फोडलं, तर आत माझंच पत्र, आणि त्यावर लाल शाई. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीचं पत्र प्रूफ समजून तपासायचं, याला काय म्हणावं मला कळत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, रडत नाही, संतापले आहे. त्या म्हणाल्या, असू दे, पाणी दोन्हीला चालतं.

कुतुहल मधला तु तू दीर्घ केलास. बरोबर आहे, असेल. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातलेस. "दुर्दैवाने तो माझा सख्खा भाऊ आहे" यातला "दुर्दैवाने" गाळायची खूण केलीस. गाळल्यावर काय उरतं ते मी वाचून पाहिलं. जुनी खोड तुझी, एक शब्द काढायचा आणि माणसाला उघडं पाडायचं. आणि "मी तुला माफ केलं आहे" या ओळीसमोर समासात नुसतं प्रश्नचिन्ह.

बस. चार पानांत भाऊजी कसे आहेत याबद्दल एक अक्षर नाही.

तर ऐक, कसे आहेत. परवापासून गिळणं बंद झालं. नाकातून नळी घातली आहे. ती ते डाव्या हाताने उपटतात, म्हणून तो हात मऊ पट्टीने पलंगाला बांधला आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षं बाजारात फिरून वजनंमापं तपासली, सरकारी शिक्का मारला, दुकानदार ज्याला बघून तराजू पुसायला लागायचे, त्याचा हात बांधलेला आहे, आणि बांधायच्या परवानगीवर मी सही केली आहे. आवाज फाटला आहे. तरी तेच चालू. निरोप. झोपेच्या औषधाने दोन तास शांत, की पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर थकलंय पण ते स्वतःला सोडत नाहीत, काहीतरी धरून बसलेत. हे त्या म्हणाल्या, मी नाही. पूर्वी त्याच म्हणाल्या होत्या की अर्थ नसतो.

काल मी त्यांना वाचून दाखवायला काहीतरी न्यावं म्हटलं. कपाटात हात घातला तो माझ्याच पुस्तकावर पडला. दुसरी आवृत्ती, दुरुस्त केलेली. तू बघितली नसशील. मी पलंगाशी बसून पहिल्यापासून वाचायला लागले. त्यांना ते आवडत होतं असं वाटलं, निदान डोळे माझ्यावर होते. जन्मात एकदाही त्यांनी ते पुस्तक सलग वाचलं नव्हतं. म्हणायचे, तुझ्या तोंडून रोज ऐकतो तेवढं पुरे. वाचत वाचत मी एकाहत्तराव्या पानावर आले. मोठ्याने वाचलं, दुःखनिरोध. आणि माऊ, त्यांनी मान हलवली. नाही, अशी. मी पुन्हा वाचलं. पुन्हा मान. बांधलेला हात पट्टीसकट पलंगाच्या दांड्यावर आपटायला लागले. सिस्टर धावत आली. मला बाहेर काढलं.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. काय कळली ते या पत्रात लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नचिन्हाबद्दल मात्र लिहिते. तुला काय विचारायचं आहे ते मी ओळखते आणि तेवढ्यापुरतं उत्तर देते. हो, माझं अक्षर वाईट होतं. तुझं नावच माझ्या अक्षरातून आलं. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून मी पहिलं पत्र धाडलं, प्रिय भाऊ, आणि घरात सगळ्यांनी वाचलं, प्रिय माऊ. भ वरची रेघ जिथे तोडायची तिथे मी तोडली नाही. शब्दावरून सरळ, पट्टीने ओढल्यासारखी नेली. सिस्टरांना रेघ सरळ लागायची, इतकी की इंग्रजी वहीत रेघेच्या वर अक्षर गेलं तर बोटांवर फूटपट्टी बसायची. त्या देवनागरीकडे ढुंकून बघत नसत, आणि मी तीच शिस्त देवनागरीला लावली. भ चा म झाला आणि तू माऊ झालास, जन्मभरासाठी. ध चं तसंच. रेघ तोडायची नाही, वर गाठ घालायची नाही, घाईत पोटातली खोच राहून जायची, मग उरतो तो प. हस्तलिखितात निरोध मी निरोध म्हणूनच लिहिला होता, पण दिसत होता निरोप. अक्षरजुळणी करणाऱ्याने दिसलं ते जुळवलं. त्याला कुठे ठाऊक की बुद्ध काय म्हणाला.

तेव्हा चूक हस्ताक्षराची, समज. समज म्हणते. पण हस्ताक्षर वाईट असतं म्हणूनच मुद्रितशोधक नेमतात ना? आपल्या दोघांत कॉन्व्हेंटात मला घातलं आणि घराजवळच्या शाळेत तुला, आणि त्यामुळे तुझी मराठी माझ्यापेक्षा चांगली झाली, हे तू आयुष्यभर न बोलता ऐकवत आलास. इतकी चांगली होती तर तिथे का नाही दिसली?

हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटतं आहे. खोडत नाही, कारण खोडलेलं तुला जास्त नीट वाचता येतं.

ये रे. लाल पेन घेऊन ये हवं तर.

मी


११ नोव्हेंबर

प्रिय भाऊ,

भ वरची रेघ तोडली आहे. चष्मा लावून बघ.

दुसरं पत्रही परत आलं. या खेपेला मी ते व्हरांड्यात फोडलं नाही. रुग्णालयाबाहेर फुटपाथवर, चहाच्या टपरीमागे जाऊन फोडलं, कारण काय निघेल याची मला भीती वाटत होती. कुठल्याच पानावर लाल शाईचा ठिपका नाही. ते माझं दुष्ट वाक्य, "तिथे का नाही दिसली", तेही तसंच सोडलंस. फक्त शेवटी. मी सहीच्या जागी "तुझी ताई" लिहून ते खोडलं होतं आणि खाली नुसतं "मी" लिहिलं होतं. त्या खोडलेल्या शब्दांखाली तू ठिपके दिले आहेस. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. आणि समासात, असू दे.

प्रूफातली खूण मला ठाऊक आहे. खोडलेलं चुकून खोडलंय, ते राहू द्यावं.

भाऊ, तू हे करायला नको होतंस. तू भांडला असतास तर मी आणखी एकोणीस वर्षं काढली असती.

आता सांगते. मध्येच थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून एका दमात लिहिते. शुद्धलेखन बघू नकोस.

त्या प्रूफात तू शंका काढली होतीस. पृष्ठ ७१, ओळ ९. निरोप या शब्दाला गोल, समासात तुझ्या छापील अक्षरात "निरोध?" मी ते पान पाहिलं होतं. नीट पाहिलं नाही, पण पाहिलं. छापलेला शब्द मी वाचलाच नाही, तो मला पाठ होता. मला दिसला फक्त तुझा शब्द आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह. औषधाच्या दुकानात त्या नावाने कुटुंबनियोजनाचं काय मिळतं हे वर्गात शिकवताना मला दरवर्षी भोगावं लागायचं, मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची, आणि मी कॉन्व्हेंटातली, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मला वाटलं, तूही तेच करतो आहेस. ताईच्या धर्माच्या पुस्तकात असला शब्द, असं हसून विचारतो आहेस. म्हणून मी तुझ्या प्रश्नाखाली लिहिलं: "होय, तोच. विषय लेखिकेला कळतो. मुळाप्रमाणे ठेवावे." आणि सही केली. तू मुळाप्रमाणे ठेवलंस.

सभागृहात मी तुझं नाव घेतलं तेव्हा मला हे आठवत नव्हतं. शपथेवर सांगते. ते लोक हसत होते आणि मला फक्त कुणीतरी दुसरं हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यातून परत आलेला गठ्ठा सोडला आणि ते पान काढलं. भाऊजी चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते. त्यांनीही वाचलं. म्हणाले, "आधी त्याला फोन कर." मी म्हटलं, करते. कप ठेवून ते कामावर गेले.

आणि मग फोन आला, पण तुझा नाही. छापखान्याच्या मालकांचा. ते म्हणाले, तुमचा भाऊ स्वतःसाठी काहीच बोलत नाही, एवढंच म्हणतो की ताईला विचारा. तर विचारतो, बाई, त्याने अशी काही शंका काढली होती का?

मी म्हटलं, माझ्या पाहण्यात नाही.

पान माझ्या मांडीवर होतं.

हे आहे ते. एकोणीस वर्षं ते याच शब्दांत मला पाठ आहे. दुसऱ्या आवृत्तीत मी दुरुस्ती केली आणि प्रस्तावनेत लिहिलं, पहिल्या आवृत्तीतील मुद्रणदोष दूर केले आहेत. मुद्रणदोष.

मी काय शिकवायचे माहीत आहे? दर पंधरवड्याला भिक्षू एकत्र बसतात. एकजण नियम म्हणतो आणि प्रत्येक भागानंतर तीनदा विचारतो, यात तुम्ही शुद्ध आहात ना? जो गप्प राहतो तो शुद्ध धरला जातो. आणि आठवत असूनही जो गप्प राहतो, त्याचं ते जाणूनबुजून बोललेलं खोटं ठरतं. हा प्रश्न मी परीक्षेत पाच वेळा घातला. दरवेळी उत्तरपत्रिका तपासताना या ओळीला पूर्ण गुण द्यायचे आणि पान उलटायचे. चीनमधल्या त्या म्हाताऱ्या गुरूचं, शब्द आणि वस्तू जुळल्या नाहीत की घर, दरबार, न्याय सगळं बिघडतं, हेही शिकवलं. सगळ्या प्राणिमात्रांची क्षमा मागणारे लोक शिकवले. एवढ्या धर्मांच्या उंबरठ्यांवर उभी राहिले मी. एवढी वर्षं उभं राहून पाय कसे दुखले नाहीत, याचं आता नवल वाटतं.

भाऊजींनी तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा त्या सकाळी. दुसऱ्यांदा तुझ्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही तेव्हा. तिसऱ्यांदा निवृत्तीच्या दिवशी, शेवटचा शिक्का कचेरीत जमा करून घरी आले तेव्हा. बूट काढता काढता म्हणाले, "जन्मभर बाजारातून खोटी वजनं जप्त केली, आणि एक घरात ठेवलंय." मी म्हटलं, जेवायला वाढू का. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मी जिंकले असं मला वाटलं.

म्हणून आता एकच शब्द राहिला आहे. पुस्तकातली दुरुस्त ओळ वाचली तर मान हलवतात, कारण ती दुरुस्त आहे. त्यांना चुकलेली हवी आहे. अर्थ नसतो म्हणे.

काल संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी बसून हे सगळं मोठ्याने सांगितलं, सिस्टरच्या देखत. म्हटलं, मी त्याला लिहिते आहे, सगळं लिहिते आहे, आता शांत व्हा. मला वाटलं होतं की ते शांत होतील. पुस्तकांत होतात. ते माझ्याकडे बघत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग मान वळवून दाराकडे बघायला लागले. निरोप. दार. निरोप. दार. आज दिवसभर तेच. लिहून भागत नाही, माऊ. त्यांना तू दारात दिसायला हवा आहेस.

निरोप काय आहे तो मी त्यांच्या वतीने देते, कारण त्यांना आता कधीच सांगता येणार नाही. त्यांचा निरोप असा: मलाही माहीत होतं. बायकोची लाज झाकायची म्हणून मी गप्प बसलो. तुझ्याकडे मी स्वतः येऊ शकलो असतो, आलो नाही. एवढंच. यात माझा एकही शब्द नाही. चाळीस वर्षं मी या माणसाबरोबर जेवले आहे, त्याचं वजन मला ठाऊक आहे.

डॉक्टरीणबाईंनी आज मला खुर्ची दिली आणि ताई म्हटलं. तेव्हाच ओळखलं. दोन दिवस, फार तर तीन. श्वासांमध्ये अंतर पडायला लागलं आहे. मी मोजते. सिस्टरने पुन्हा तो फॉर्म आणला होता. रकाना अजून रिकामा आहे. ती म्हणाली, काकू, काहीतरी म्हणा त्यांच्यासाठी, तुम्हाला तर सगळं येतं. मला सगळं येतं, भाऊ. एकाही ओळीत माझा आवाज लागत नाही.

सोबत ते पान ठेवते आहे. तुझा गोल, तुझी शंका, माझा शेरा, माझी सही. ते तुझं आहे. चौकात लाव, छापखान्याच्या मालकांच्या मुलाला दाखव, तुझ्या बायकोला दाखव, तिने मला जे काही म्हटलं असेल ते सगळं बरोबर होतं. प्रकाशकांना मी आज शुद्धिपत्र पाठवलं आहे. उरलेल्या प्रत्येक प्रतीत ते चिकटवायचं, नाहीतर पुस्तक बाजारातून काढायचं, असं कळवलं आहे. त्याची नक्कल तुला देते, तपासून घे:

पृष्ठ ७१, ओळ ९ (पहिली आवृत्ती). अशुद्ध: मुद्रितशोधकाची चूक. शुद्ध: लेखिकेची चूक. मुद्रितशोधकाने शंका वेळेवर काढली होती. लेखिकेने ती फेटाळली आणि पुढे नाकारली.

माझ्यासाठी येऊ नकोस. मला बघायचं नसेल तर मी व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन बसेन, त्या पाण्याच्या बाटलीवाल्या बाईंजवळ. तू सरळ आत जा. तिसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे चौथं दार. त्यांचा डावा हात मी आज सोडवून घेतला आहे, पुन्हा सही करून. तो धर. काही बोलायची गरज नाही. ते म्हणतील तो शब्द नीट ऐक आणि मान हलव, हो अशी.

तू येईपर्यंत मी त्या दारातच उभी आहे. आत गेले की ते माझ्या पलीकडे बघतात, आणि दारापासून दूर गेले तर तू नेमका तेवढ्यात येशील असं वाटतं.

लवकर, भाऊ. बाकी काही मागत नाही. लवकर.

तुझी
अपराधी ताई

(ध ची गाठ घातली आहे आणि वरची रेघ तोडली आहे. या खेपेला प वाचू नकोस.)